व्ह्यूफाइंडरमधला रंग नेमका कुठे चुकतो?

मिररलेस कॅमेरा वापरणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. डोळ्याला लावलेल्या व्ह्यूफाइंडरमध्ये नवरीचा शालू एका रंगाचा दिसतो, मागच्या स्क्रीनवर दुसऱ्या, आणि घरी कॉम्प्युटरवर फाइल उघडली की तिसऱ्याच. मग यातलं खरं कुठलं? बिघाड कॅमेऱ्यात आहे, सेटिंगमध्ये आहे, की आपल्या पाहण्यात? यावर सर्रास मिळणारा सल्ला असा की मेन्यूत जा आणि व्ह्यूफाइंडरचा रंग मागच्या स्क्रीनशी जुळवून घ्या. माझ्या मते हा सल्ला चुकीच्या टोकापासून सुरू होतो. मागची स्क्रीन हाही एक डिस्प्लेच आहे, तिला प्रमाण कुणी ठरवलं? रंग फाइलमध्येच चुकलाय की फक्त दिसताना चुकतोय, हे आधी ठरवायला हवं. तेवढं ठरलं की बऱ्याच तक्रारी त्या मेन्यूला हात न लावताच मिटतात, आणि ज्या उरतात त्या कुठे दुरुस्त करायच्या हेही कळतं.

डीएसएलआरमध्ये हा प्रश्न नव्हता. लेन्समधून आलेला प्रकाश आरसा आणि पेंटाप्रिझममधून थेट डोळ्यापर्यंत पोचायचा. समोरचा रंग आपण आपल्याच डोळ्याने पाहायचो आणि कॅमेऱ्याने त्याचं काय केलं ते फोटो काढल्यावर कळायचं. २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या लुमिक्स जी१ ने आरसा काढून त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवला. २०११ मध्ये सोनीने ए७७ आणि नेक्स-७ मध्ये सुमारे २३.६ लाख डॉटचा ओएलईडी व्ह्यूफाइंडर दिला. २०१८ मध्ये निकॉनची झेड मालिका आणि कॅननचा ईओएस आर आल्यावर लग्नाचे, बातम्यांचे, जंगलाचे फोटो काढणारे व्यावसायिकही इकडे वळले. डॉट वाढत गेले आणि २०२० च्या सोनी ए७एस ३ मध्ये ते ९४.४ लाखांवर पोचले. आकडा मोठा वाटतो, पण लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट मिळून एक पिक्सेल होतो, म्हणजे प्रत्यक्षात २०४८ बाय १५३६ पिक्सेल. शिवाय ही संख्या चित्राचा रेखीवपणा सांगते, रंगाबद्दल काहीच सांगत नाही. माहितीपत्रकात डॉट असतात, मॅग्निफिकेशन असतं, सेकंदाला किती फ्रेम तेही असतं. या डिस्प्लेचा पांढरा किती केल्विनचा आहे आणि तो किती रंग दाखवू शकतो, हे क्वचितच छापलेलं असतं. निकॉनने २०२४ मध्ये झेड६ ३ च्या व्ह्यूफाइंडरसाठी डीसीआय-पी३ इतका रंगांचा आवाका आणि ४००० निट्सपर्यंतचा उजेड असं स्पष्ट जाहीर केलं. बाकीच्या कंपन्यांनीही तेवढं करायला हवं, कारण रंग पाहून निर्णय घेणाऱ्याला डॉटपेक्षा ही माहिती जास्त कामाची आहे.

व्ह्यूफाइंडरमध्ये रॉ फाइल कधीच दिसत नाही. दिसतं ते कॅमेऱ्याने त्या क्षणी तयार केलेलं, जेपेगसारखं चित्र. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. बहुतेक सेन्सरवर कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, १९७६ मध्ये पेटंट मिळालेली फिल्टरची जाळी असते. तिच्यामुळे प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा उजेड मिळतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून हिशेबाने भरले जातात. त्यावर व्हाइट बॅलन्सचे गुणक लागतात, मग सेन्सरचे रंग एसआरजीबीत बसवणारं गणित, मग काँट्रास्ट, मग पिक्चर प्रोफाइल. हे सगळं सेकंदाला ६० किंवा १२० वेळा करायचं म्हणजे कॅमेऱ्याला थेट दृश्यासाठी सेन्सर पूर्ण न वाचता काही ओळी गाळाव्या लागतात, आणि उजेड कमी असला की गेन चढवावा लागतो. देवळाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात व्ह्यूफाइंडरमध्ये रंग फिके, दाणेदार आणि थरथरते दिसतात, आणि तोच फोटो ट्रायपॉडवर काढला की स्वच्छ निघतो, ते यामुळे. हा बिघाड नव्हे.

रॉमध्ये शूट करणाऱ्या अनेकांना वाटतं की पिक्चर प्रोफाइलशी आपला संबंध नाही. फाइलपुरतं ते खरं आहे, व्ह्यूफाइंडरपुरतं नाही. फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यात वेल्विया लावलं की सह्याद्रीतला पावसाळी हिरवा भडकतो आणि क्लासिक क्रोम लावलं की तोच मळकट होतो, मग फाइल रॉ असो वा जेपेग. निकॉनमध्ये याला पिक्चर कंट्रोल म्हणतात, कॅननमध्ये पिक्चर स्टाइल, सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांत क्रिएटिव्ह लुक. व्हिडिओवाल्यांना एस-लॉग किंवा व्ही-लॉग लावल्यावर सगळं करडं, मरगळलेलं दिसतं. त्यावर बहुतेक कॅमेऱ्यांत पाहण्यापुरता नेहमीचा रंग दाखवणारा असिस्ट असतो, तो सुरू करावा. रंग तपासायला बसताना कॅमेरा आधी न्यूट्रल किंवा स्टँडर्डवर आणायचा, एवढं पथ्य पुरेसं आहे.

याच्या जोडीला दुसरी एक सेटिंग असते आणि ती अधिक फसवी आहे. सेटिंगचा परिणाम व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवायचा की नाही, हे जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात ठरवता येतं. सोनीत ते लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेखाली सापडतं, कॅननमध्ये एक्स्पोजर सिम्युलेशन, फुजीत नॅचरल लाइव्ह व्ह्यू, ऑलिंपसमध्ये एस-ओव्हीएफ. कॅननने २०२१ च्या आर३ मध्ये ओव्हीएफ सिम्युलेशन आणलं, तेही याच जातीचं. जुन्या काचेच्या व्ह्यूफाइंडरसारखं डोळ्याला सहज वाटणारं दृश्य दाखवणं हा त्यांचा हेतू असतो. हा मोड सुरू असेल तर समोर दिसणारं चित्र आणि निघणारी फाइल यांत फरक असणारच, तो ठेवूनच ही सोय बनवली आहे. सेकंडहँड कॅमेरा घेतला असेल किंवा असिस्टंटने मेन्यू हाताळला असेल, तर सगळ्यात आधी इथे बघावं.

आता व्हाइट बॅलन्स. बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं, म्हणून जरा थांबून पाहू. हळदीचा कार्यक्रम घ्या. नवरीची साडी पिवळी, झेंडूच्या माळा पिवळ्या-केशरी, पाठीमागचा पडदा पिवळा, आणि गालांना, हातांना हळद. ऑटो व्हाइट बॅलन्सचा जुना, मूळ आधार असा की फ्रेममधल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडीच्या आसपास यायला हवी. आजचे अल्गोरिदम याहून पुष्कळ हुशार आहेत, पण त्यांचाही कल त्या बाजूला असतो. इतकं पिवळं एकदम समोर आलं की उजेडच पिवळा आहे असं धरून कॅमेरा चित्राला निळ्याकडे ढकलतो. हळदीचा तो गडद, उबदार पिवळा लिंबासारखा गार होतो आणि नवरीच्या भावाचा पांढरा सदरा निळसर. तेवढ्यात कॅमेरा जांभळी साडी नेसलेल्या आत्याकडे वळतो आणि त्याच मांडवात, त्याच दिव्याखाली तिचा चेहरा एकदम पिवळट दिसू लागतो. फोटोग्राफरला वाटतं व्ह्यूफाइंडर दर मिनिटाला रंग बदलतोय. व्ह्यूफाइंडर मात्र कॅमेऱ्याचा दर क्षणाचा निर्णय प्रामाणिकपणे दाखवत असतो. त्यात हॉलमध्ये भिंतीला पिवळे बल्ब, छताला गार पांढरे एलईडी आणि कोपऱ्यात डीजेचे जांभळे लाइट असले, तर एका व्हाइट बॅलन्समध्ये सगळं बसणं शक्यच नसतं. अशा वेळी नवरा-नवरीवर जो उजेड पडतोय त्यात ग्रे कार्ड धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यावा, किंवा केल्विनचा आकडा हाताने बांधून टाकावा. हॉलच्या कडेला रंग थोडा ढळला तरी चालतो, चेहरा ढळता कामा नये. कॅनन, निकॉन, सोनी आणि फुजीच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत ऑटोलाच पांढऱ्याला प्राधान्य द्यायचं की वातावरणातल्या उबेला, हे सांगता येतं. मदत होते, पण हळदीसारख्या एकरंगी प्रसंगी मी तिच्यावर विसंबणार नाही.

फ्लॅश लावला की व्ह्यूफाइंडर आणि फोटो यांच्यातला फरक अटळ होतो. क्लिक करण्याआधी कॅमेऱ्यासमोर फक्त हॉलचा पिवळा उजेड असतो, आणि क्लिकच्या क्षणी साधारण ५५०० केल्विनचा फ्लॅश पडतो. जो उजेड अजून पडलेलाच नाही त्याचा रंग व्ह्यूफाइंडर आधी दाखवणार कसा? ऑटोवर असलेला कॅमेरा पाहताना एक व्हाइट बॅलन्स वापरतो आणि फोटोसाठी दुसरा. फ्लॅशच्या केल्विनवर हाताने बांधला तर उलट होतं, म्हणजे फोटो बरोबर येतो पण व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं केशरी दिसत राहतं. स्टुडिओत काम करणाऱ्यांनी हे केशरी दृश्य मान्य करून टाकावं, ते अगदी योग्य आहे. फक्त एक्स्पोजरचं सिम्युलेशन बंद ठेवावं, नाहीतर फ्रेममध्ये अंधारच दिसेल.

इतकं पाहिल्यावर निदानाची पद्धत आपोआप हाती येते. एक फोटो काढा आणि तोच फोटो व्ह्यूफाइंडरमध्ये प्लेबॅक करून बघा. काढण्याआधी रंग चुकीचा दिसत होता आणि प्लेबॅकमध्ये त्याच व्ह्यूफाइंडरमध्ये बरोबर दिसतोय, तर दोष पाहण्याच्या मोडमध्ये, फ्लॅशमध्ये किंवा अंधारातल्या गेनमध्ये आहे. डिस्प्लेत काही बिघडलेलं नाही. प्लेबॅकमध्येही चुकीचा दिसतो, पण कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवर तीच जेपेग बरोबर दिसते, तर डिस्प्लेवर किंवा स्वतःच्या डोळ्यावर संशय घ्यायला जागा आहे. आणि सगळीकडेच चुकीचा दिसत असेल, तर व्हाइट बॅलन्स किंवा प्रोफाइल चुकलंय आणि व्ह्यूफाइंडर बिचारा खरं बोलतोय. या चाचणीला रॉ फाइल वापरू नये, जेपेगच घ्यावी. कारण पुढे येईल.

चांगला मॉनिटर हाताशी नसेल तर कॅमेऱ्यातच एक असा पंच आहे ज्याला डोळे नाहीत, तो म्हणजे आरजीबी हिस्टोग्राम. सावलीत, एकाच प्रकारच्या उजेडात ग्रे कार्ड धरा, फ्रेम पूर्ण भरा, त्यावरच कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, प्रोफाइल न्यूट्रल ठेवा आणि फोटो काढा. प्लेबॅकमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलचे तीन हिस्टोग्राम उघडा. प्रत्येकात एकच अरुंद सुळका दिसेल. तिन्ही सुळके एकाच जागी, एकाखाली एक आले, तर फाइल निखळ राखाडी आहे. तिचा पुरावा आता आकड्यांत आहे, कुणाच्या नजरेत नाही. मग तीच फ्रेम व्ह्यूफाइंडरमध्ये मोठी करून एक-दोन मिनिटं शांतपणे पाहा. तरीही ती गुलाबी किंवा हिरवट झाक मारत असेल, तर ती झाक डिस्प्लेची किंवा डोळ्याची आहे. ग्रे कार्डाला फार पैसे पडत नाहीत. ज्यांना त्वचेचे, आकाशाचे, पानांचे रंगही पाहायचे आहेत त्यांनी १९७६ पासून वापरात असलेला २४ चौकोनांचा कलरचेकर घ्यावा.

डिस्प्लेकडे वळू. सुरुवातीच्या अनेक व्ह्यूफाइंडरांत, लुमिक्स जी१ मध्येसुद्धा, लाल, हिरवं आणि निळं चित्र एकामागून एक इतक्या वेगाने दाखवलं जाई की डोळा त्यांची बेरीज करून टाके. डोळा हलला किंवा पापणी लवली की ही बेरीज मोडते आणि कडांना इंद्रधनुष्यासारख्या रेघा फुटतात. असा कॅमेरा जुन्या बाजारात घेतला तर या रेघांवर कुठल्याही सेटिंगचा उपाय नाही. आज बहुतेक ठिकाणी ओएलईडी आहे. सोनीच्या या इवल्या पॅनेलमध्ये पांढरा उजेड देणारा थर आणि त्यावर रंगीत फिल्टर अशी रचना असते. काळा खरोखर काळा दिसतो, रंग ठसठशीत दिसतात, आणि त्यामुळेच फोटो आहे त्याहून जास्त रंगतदार वाटतो. उजेडाचाही यात वाटा आहे. आर. डब्ल्यू. जी. हंट यांनी १९५२ मध्ये दाखवून दिलं की तोच रंग अधिक उजेडात अधिक गडद, अधिक भरलेला भासतो. व्ह्यूफाइंडरचा ब्राइटनेस ऑटोवर असेल तर उन्हात तो चढतो आणि त्याबरोबर रंगही चढल्यासारखे वाटतात. तपासणी करताना ब्राइटनेस मॅन्युअलवर, मध्यावर ठेवावा. एकाच मॉडेलच्या दोन बॉडी शेजारी धरल्या तरी पांढऱ्यात थोडा फरक दिसू शकतो, हेही धरून चालावं.

फरक डिस्प्लेचाच आहे अशी खात्री पटली की मगच मेन्यूतल्या रंगाच्या सेटिंगला हात लावावा. निकॉन झेडमध्ये व्ह्यूफाइंडर कलर बॅलन्स आहे. त्यात शेवटचा पाहिलेला फोटो समोर ठेवून निळा-केशरी आणि हिरवा-गुलाबी या दोन्ही दिशांना रंग सरकवता येतो, म्हणून वरच्या चाचणीतली ग्रे कार्डाची फ्रेम इथे थेट कामी येते. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत अशाच दोन दिशा मिळतात. फुजीतही रंग दोन अक्षांवर बदलता येतो. पॅनासॉनिक ब्राइटनेस, काँट्रास्ट, सॅच्युरेशन, लाल आणि निळा असे पाच वेगळे स्लायडर देतं. सोनीत मात्र फक्त फाइंडर कलर टेंपरेचर आहे, उबदार किंवा गार अशा मोजक्या पायऱ्यांचं. व्ह्यूफाइंडर हिरवट असेल तर ते काही कामाचं नाही, कारण हिरवट-गुलाबी ही दिशाच त्यात नाही. इतक्या महागड्या कॅमेऱ्यांत एवढीशी सोय नसावी याचं मला खरंच वाईट वाटतं. एक गोष्ट सगळ्या कंपन्यांना लागू आहे: या सेटिंगने फक्त दिसणं बदलतं, फाइलमध्ये एका पिक्सेलचाही फरक पडत नाही. फोटो निळे येतात म्हणून कुणी इथे केशरी वाढवत असेल, तर फोटो निळेच येत राहतील, फक्त ते काढताना कळणार नाही.

आता उरला डोळा. या विषयावरच्या चर्चेत त्याची सर्वांत कमी दखल घेतली जाते आणि त्याचा हिस्सा मात्र मोठा आहे. संध्याकाळी घरातल्या २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात आपण तासभर बसलो की डोळा त्या पिवळ्यालाच पांढरा मानू लागतो. त्यानंतर व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की त्यातला पांढरा निळाशार वाटतो. डोळा तसाच लावून ठेवला तर एक-दोन मिनिटांत ती निळाई विरते, कारण आता तो व्ह्यूफाइंडरच्या पांढऱ्याला सरावलेला असतो. रबरी आयकपच्या काळोखात बाहेरचं तुलनेला काही नसतं, म्हणून हे आणखी सहज घडतं. दुसरा डोळा उघडा ठेवून काम करणाऱ्यांच्या दोन डोळ्यांत तर दोन वेगळे पांढरे चालू असतात. रंगीत किंवा उन्हात गडद होणारा चष्मा असेल तर तो काढून पाहावं, आणि डोळा डावा-उजवा बदलून पाहावं. दोन्ही डोळ्यांना रंग वेगळा दिसला तर दोष कॅमेऱ्याचा नाही.

वयाबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं होत जातं आणि निळा उजेड अडवू लागतं. हे इतक्या सावकाश होतं की माणसाला कळतही नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की एकदम कळतं: ऑपरेशन झालेल्या डोळ्याला जग निळसर आणि लख्ख, दुसऱ्याला तेच पिवळट. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, आणि त्यानंतर रंग कसे बदलले याचा त्यांना झालेला त्रास कलेच्या इतिहासात नोंदलेला आहे. आपल्याकडे साठी ओलांडलेले, आयुष्यभर लग्नं काढलेले फोटोग्राफर आजही जोमाने काम करतात. त्यांच्यापैकी कुणाचा एक डोळा झाला असेल आणि व्ह्यूफाइंडर अचानक निळा वाटू लागला असेल, तर सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी दुसऱ्या डोळ्याने पाहावं. लाल-हिरव्यातला फरक कमी कळणं हे पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं आणि अनेकांना ते ठाऊकही नसतं. इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या तक्त्यांची चाचणी कुठलाही नेत्रतज्ज्ञ काही मिनिटांत करतो. रंगाच्या धंद्यात असलेल्याने ती एकदा करून घ्यावी.

निरोगी डोळ्यांतही फरक असतो, आणि तो मापनाच्या मुळाशीच आहे. मॉनिटर कॅलिब्रेट करायचं यंत्र ज्या प्रमाणावर चालतं ते १९३१ चं आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट यांनी १० जणांवर आणि जॉन गिल्ड यांनी ७ जणांवर केलेल्या प्रयोगांतून, म्हणजे १७ जणांच्या डोळ्यांच्या आधारे, 'सरासरी डोळा' ठरवला गेला. जगातला प्रत्येक रंगमापक आजही मुख्यतः त्याच्यावर उभा आहे. निळ्या टोकाला हे प्रमाण थोडं कमी पडतं असं पुढे लक्षात आलं आणि डीन जड यांनी १९५१ मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर हा फरक फारसा जाणवला नाही. ओएलईडीच्या प्रकाशाची घडण वेगळी असल्यामुळे तो जाणवू लागला: यंत्र सांगतं दोन्ही पडद्यांचा पांढरा तंतोतंत एक आहे, आणि डोळ्याला मात्र ओएलईडी किंचित हिरवट-पिवळट दिसतो. सोनीने आपल्या व्यावसायिक ओएलईडी मॉनिटरांसाठी याच कारणाने जड यांच्या दुरुस्तीचा आधार घेऊन पांढरा थोडा सरकवण्याची शिफारस केली. स्टुडिओतल्या मॉनिटरची ही गत असेल, तर अर्ध्या इंचाचा ओएलईडी आणि मागची एलसीडी यांचा पांढरा सगळ्यांच्या नजरेला तंतोतंत जुळावा ही अपेक्षाच गैर आहे. एकाने जुळवलेला दुसऱ्याला जुळलेला दिसेलच असं नाही. म्हणून दोन स्क्रीन जुळवत तास घालवण्यापेक्षा हिस्टोग्रामवर भरवसा ठेवा असं मी म्हणतो.

कॉम्प्युटरवरचा गोंधळ थोडक्यात. लाइटरूममध्ये रॉ फाइल उघडताना फोटो क्षणभर एका रंगाचा दिसतो आणि लगेच बदलतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. आधी दिसतं ते फाइलमध्ये दडवलेलं कॅमेऱ्याचं जेपेग, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधलं चित्र, आणि नंतर येतो अडोबीचा स्वतःचा रंग. २०१८ पासून तिथे आपोआप लागणारं प्रोफाइल अडोबी कलर आहे. व्ह्यूफाइंडरसारखा रंग हवा असेल तर प्रोफाइलच्या यादीतून कॅमेरा मॅचिंगखालचं स्टँडर्ड निवडावं, किंवा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर वापरावं. वरच्या चाचणीत जेपेग घ्यायला सांगितलं ते यासाठीच. कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी निवडलेलं असेल आणि फोटो पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला ते ओळखता आलं नाही, तर सगळं फिकं दिसतं. अल्बम लॅबकडे पाठवणाऱ्यांनी एसआरजीबीवरच राहावं. संध्याकाळनंतर लॅपटॉपचा नाइट लाइट आपोआप सुरू होतो, फोनची स्क्रीन व्हिव्हिडवर असते, आणि या दोन्हींवर पाहून कॅमेऱ्याला दोष दिला जातो.

काही रंगांच्या बाबतीत वरचं सगळं नीट करूनही हाती निराशाच येते, आणि तिचंही कारण आहे. कासच्या पठारावर, जे २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे, सप्टेंबरच्या सुमारास सीतेच्या आसवांचा गालिचा पसरतो. जवळ वाकून पाहिलं तर फूल निळं-जांभळं, त्यात लालसर झाक आणि मधोमध छोटा पांढरा ठिपका. व्ह्यूफाइंडरमध्ये तेच फूल सरळ निळं दिसतं, आणि फाइलमध्येही निळंच असतं. आपल्या डोळ्याची घडण अशी की अगदी आखूड लहरींच्या जांभळ्या उजेडात आपल्याला निळ्याबरोबर थोडा लालही जाणवतो. सेन्सरवरच्या लाल फिल्टरमध्ये तो अंश बहुधा पुरेसा नसतो. त्यात एसआरजीबीच्या आवाक्यात असे गडद जांभळे मुळात बसतच नाहीत. इथे व्ह्यूफाइंडरचा रंग कितीही सरकवला तरी उपयोग नाही, आणि व्हाइट बॅलन्स गुलाबीकडे नेला तर भोवतालचं गवत बिघडतं. रॉ घ्यावी, थोडं कमी एक्स्पोज करावं म्हणजे निळा चॅनेल फुटणार नाही, आणि एडिटिंगमध्ये फक्त निळ्या-जांभळ्या रंगछटा वेगळ्या निवडून त्या लालकडे सरकवाव्या. फूल प्रत्यक्ष पाहिलेल्यानेच, आठवण ताजी असताना हे करावं.

राहिला खराखुरा बिघाड. तो कमी वेळा होतो, पण होतो. आयपीसमधलं भिंग बाहेरून आत येणारं ऊनही तितक्याच जोमाने एका बिंदूवर गोळा करतं, म्हणून आयपीस सूर्याकडे करून कॅमेरा ठेवू नये असं कंपन्या मॅन्युअलमध्ये बजावतात. शेताच्या बांधावर किंवा गडावर टेकवून ठेवलेल्या, गळ्यात आडव्या लटकणाऱ्या कॅमेऱ्याच्या डिस्प्लेवर असा डाग पडू शकतो, पिवळट किंवा काळपट, नेहमी एकाच जागी. बॅगेत ठेवताना आयपीस खाली किंवा झाकलेला असावा. दुसरा बिघाड म्हणजे असमान रंग. ग्रे कार्डाच्या फ्रेममध्ये एक बाजू गुलाबी आणि दुसरी हिरवट दिसत असेल, डोळा मध्यावर आणून आणि भिंग पुसूनही तसंच दिसत असेल, तर मेन्यूतली कुठलीही सेटिंग ते भरून काढणार नाही. ती सगळ्या चित्राला एकच रंग देते आणि इथे दोन बाजूंना दोन रंग आहेत. फर्मवेअर अद्ययावत करून आणि सगळ्या सेटिंग मूळपदावर आणून एकदा पाहावं. तरीही फरक राहिला तर वॉरंटी संपण्याआधी कॅमेरा सर्व्हिस सेंटरला द्यावा. मेमरी कार्डवर ती ग्रे कार्डाची जेपेग ठेवावी आणि अर्जात 'रंग बरोबर दिसत नाही' एवढंच न लिहिता, 'या फाइलचे तिन्ही चॅनेल सारखे आहेत आणि व्ह्यूफाइंडरमध्ये डावी कड गुलाबी दिसते' असं लिहावं. तंत्रज्ञाला तीच फाइल उघडून तीच कड पाहता येते, आणि पॅनेल बदलायचं की नाही हे त्याला तिथेच ठरवता येतं.